नाव विसरलेली बाई आणि आम्ही दोघी

जानेवारी आला की माझ्या घरात मीठ दोन ठिकाणी लागतं. एक स्वयंपाकघरात आणि एक गॅरेजमध्ये, मोठ्या पोत्यात, ड्राइव्हवेवरच्या बर्फावर टाकायला. यंदा दोन्ही भरून ठेवलं, बुटांच्या तळांवरचे पांढरे डाग घासून काढले, हीटरचा फिल्टर बदलला. तरी एक काम राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. ते काम टीव्हीवर आहे. टीव्ही लावला की पहिल्याच चौकोनात ती बाई दिसते. करडा कोट, पाठमोरी. खाली लिहिलेलं असतं, नवा सीझन. अकरा दिवस झाले, मी ते बटण दाबलेलं नाही.

मी कामं लांबणीवर टाकणारी बाई नव्हे. फक्त दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एक काम टाकलं होतं, आणि ते या बाईच्याच संगतीत.

मालिका कुठल्याशा थंड देशातली आहे. समुद्रकाठच्या लहान गावात, बोटीच्या धक्क्यावर, एका बाकावर ही बाई सापडते. पन्नाशीला आलेली, नीट कपड्यांतली, पूर्ण शुद्धीवर. फक्त आपण कोण, हे तिला माहीत नाही. खिशात एक किल्ली आणि लहान मुलाचा एकच हातमोजा. दर भागात कुणीतरी येतं आणि म्हणतं, ही आमची. एक माणूस म्हणतो माझी बायको, एक म्हातारी म्हणते माझी मुलगी, एक मुख्याध्यापक म्हणतात आमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. प्रत्येकाजवळ फोटो असतो आणि प्रत्येक फोटोत ती थोडी थोडी असतेच.

त्या वर्षी माझ्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आमच्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला, कुणाचे आईवडील हिवाळ्यात येत नाहीत. मे महिन्यात येतात, परसात मेथी लावतात आणि थंडी पडायच्या आत परत जातात. आई ऑक्टोबरात आल्या. "बर्फ बघायचाय मला. बागा काय, सांगलीत आहेत," म्हणाल्या. बर्फ त्यांनी पहिले चार दिवस बघितला. नंतर खिडकीशी उभं राहून "अजून आहेच का हा" एवढंच म्हणायच्या.

माझा नवरा मंदार त्या हिवाळ्यात कामासाठी सोमवारी विमानाने प्लेनोला जायचा आणि गुरुवारी परत यायचा. मुलगी कॉलेजला. घरात आम्ही दोघी आणि हीटरची घरघर. मी पहाटेच्या शिफ्टहून साडेतीनला घरी यायची. पाचला बाहेर अंधारून यायला लागायचं, मग चहा, मग मालिका. आई कोथिंबीर निवडत बसायच्या. इंडियन स्टोअरमधून मी एकदम सहा जुड्या आणायची, त्यामुळे त्यांच्या हाताला काम पुरायचं. आजही कोथिंबिरीचा वास आला की मला चटणी आठवत नाही, ती करड्या कोटातली बाई आठवते.

गोष्ट अशी, की मालिका परभाषेतली, खाली इंग्रजी अक्षरं, आणि ती आईंना भराभर वाचता येत नसत. म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगायची. आधी सांगायची, "ती म्हणतेय की तिला आठवत नाही." पण बाई भरभर बोलायची, मग मी मधलं गाळून टाकलं. "मला आठवत नाही." "मी याला ओळखत नाही." "मला माझं नाव माहीत नाही." माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच आवाजात, संध्याकाळमागून संध्याकाळ. आई मान हलवायच्या, जशी काही मीच त्यांना माझी अडचण सांगतेय.

आणि मला खरोखरच अडचण होती. ती डायनिंग टेबलवर होती, फळांच्या टोपलीखाली.

नागरिकत्वाचा अर्ज. वीस-बावीस वर्षं ग्रीन कार्डावर काढल्यावर शेवटी भरायला घेतला होता. पत्ते, नोकऱ्या, देशाबाहेरचे प्रवास, सगळं एका शनिवारात भरून टाकलं. एका चौकटीशी अडले. आजवर वापरलेली इतर नावं. आणि त्याखाली, तुम्हाला नाव बदलून हवं आहे का. हवं असेल तर नवं नाव इथे लिहा.

माझं नाव अनघा. हे मला चोविसाव्या वर्षी समजलं. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी, सांगलीच्या घरात, ताटात तांदूळ पसरलेले होते, आणि मंदारने अंगठीने त्यात तीन अक्षरं काढली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी वाकून वाचलं तेव्हा कळलं, आपण अनघा. त्याआधी मी सुमन होते. माझ्या आईने ठेवलेलं, शाळेच्या हजेरीतलं, डिग्रीवरचं सुमन. गुरुजींनी पत्रिकेवरून 'अ' अक्षर काढलंय, असं सांगितलं गेलं. तेव्हा पुष्कळ घरांत असंच व्हायचं आणि मी रडले वगैरे नाही. तांदळाचं पुढे काय केलं असेल, एवढाच विचार केल्याचं आठवतं. भात केला असणार.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या नळ्या येतात, मी लेबलं तपासते. नाव आणि जन्मतारीख, दोन्ही जुळायला लागतात. एक जरी जुळलं नाही तर नळी परत. रक्त कितीही चांगलं असो, कितीही मुश्किलीने काढलेलं असो. माझ्या हाताखाली नव्याने आलेली मुलं विचारतात, "आपल्याला माहितेय ना हा कोण पेशंट आहे, मग लेबल बदलून टाकू?" नाही. लेबल बदलायचं नसतं. नमुना परत घ्यायचा असतो. हे वाक्य मी एवढ्या वेळा बोललेय की ते माझ्या थडग्यावर लिहायला हरकत नाही, थडगं असतं तर.

तर अशा बाईला एक चौकट भरता येईना. अर्जात सुमन लिहावं असं वाटत होतं, आणि का वाटतंय ते सांगता येत नव्हतं. मंदारला फोनवर सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, "यार, लायसन्स, बँक, तुझा लॅबचा बॅज, सगळं चेंज करावं लागेल. कशाला ताप?" त्याचं बरोबर होतं. लॅबमधल्या डोनाला विचारलं. तिची दोन लग्नं झाली, दोन मोडली. ती म्हणाली, "मी चार वेळा बदललंय. रांगेत चाळीस मिनिटं लागतात. पुस्तक घेऊन जा." तिचंही बरोबर होतं.

मला स्वस्थता नव्हती. डबे पुसून परत लावायचे, मोजे जोड्या लावून झाले की पुन्हा लावायचे. बाहेर उणे पंधरा, म्हणून चालायचं ते घरातल्या घरात. जिन्यापासून गॅरेजच्या दारापर्यंत एकोणतीस पावलं. आई म्हणायच्या, "बस की गं जरा. पिंजऱ्यातल्यासारखी काय करतेस."

लॅबमध्ये निम्मे लोक ती मालिका बघत होते. डब्याच्या वेळी त्यावर वाद चालायचे. डोनाचं म्हणणं, नवऱ्यानेच काहीतरी केलंय. दुसरा म्हणायचा, ती नाटक करतेय. मी ऐकायची आणि माझ्या एक गोष्ट लक्षात यायची, की तिला तिचं नाव सापडावं असं टेबलावरच्या एकालाही वाटत नव्हतं. माणसं हरवलेलं सापडावं म्हणून रहस्यकथा बघत असतील, पण आमच्या टेबलावरची माणसं बघत होती ती उलट कारणासाठी. दर भागाच्या शेवटी तो फोटोवाला माणूस खोटा निघायचा, ती परत त्या खाणावळीतल्या लहान खोलीत यायची, कोट खुंटीला लावायची, पलंगावर बसायची आणि बूट काढायची. त्या बूट काढण्यात काय होतं, ते बायकांना विचारा. कुणी तिची वाट बघत नव्हतं. कुणाला जेवायला घालायचं नव्हतं. तिची कसलीही चूक झालेली नव्हती.

मी दुःखी होते असं कुणी समजू नये. मंदार भांडी लावतो, माझी मुलगी मला फोन करते, सासूबाई स्वभावाने सरळ. पण गाडी चालवताना मनात यायचं, मी जर त्या बाकावर सापडले तर मला ओळखायला कोण येईल आणि काय सांगेल. ही माझी बायको, हिला आल्याचा चहा लागतो. ही माझी सून, हिच्या पोळ्या पातळ असतात. ही आमची सुपरवायझर, हिची लेबलं कधी चुकत नाहीत. सगळे खरं बोलतील. आणि मी त्या बाईसारखीच फोटो हातात धरून बघत राहीन, ही कोण.

मालिकेचा सातवा भाग. पोलिसांतला एक माणूस, त्याला संशय आहे की बाई खोटं बोलतेय. तो तिला आठवडी बाजारात नेतो. गर्दीत आपली माणसं उभी करतो आणि ती मागून एकेक नाव मोठ्याने घेतात. दावा सांगणाऱ्यांनी दिलेली सगळी नावं. माणूस आठवण विसरला तरी मान विसरत नाही, असं त्याचं म्हणणं. बाई मासे बघत उभी आहे. एक नाव, दुसरं नाव, पाचवं नाव. ती वळत नाही. आमच्या खोलीत कोथिंबीर मोडल्याचा आवाजही बंद झाला होता.

"मी वळले असते," आई म्हणाल्या.

"कशाला?"

"सुमन म्हणून हाक आली असती तर."

मला वाटलं त्या माझ्याबद्दल बोलतायत. "माझं नाव कशाला घेतील ते?"

"तुझं नव्हे, माझं." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "लग्नाआधीचं."

मी पॉज केलं. आईंचं नाव शैलजा. पासपोर्टवर, औषधांच्या बाटल्यांवर, इन्शुरन्सच्या कागदावर शैलजा. इतकी वर्षं त्यांचे कागद मीच भरतेय, आणि हे मला माहीत नव्हतं. त्यांची डिग्री नव्हती, दाखला पुरात गेलेला, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. सांगणार कोण.

"तुम्हीसुद्धा सुमन होतात," मी म्हणाले.

"हो."

"मग माझं 'अ' अक्षर? गुरुजींनी काढलं ते?"

"गुरुजींना मीच सांगितलं होतं."

हीटर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. आईंनी जुडी खाली ठेवली. "काय करणार होते? घरात दिवसातून पन्नास वेळा ती हाक. मंदार मारणार, हे मारणार, शेजारच्या वहिनी मारणार. मी दर वेळी कढई सोडून वळले असते आणि दर वेळी ती हाक तुला असती. एक महिनाभर विचार केला मी. म्हटलं, नाही जमायचं आपल्याला."

"म्हणजे माझं नाव तुम्ही काढून घेतलंत."

"घेतलं," त्या म्हणाल्या.

माफी नाही, डोळ्यांना पदर नाही. निवडलेली कोथिंबीर त्यांनी डब्यात भरली, डब्यात कागद घातला आणि झाकण लावलं. मला राग आला की नाही, हेसुद्धा धड कळलं नाही. लॅबमध्ये एकाच नावाचे दोन पेशंट आले की आम्ही फाइलवर पिवळी पट्टी लावतो, सावधान, नामसाधर्म्य. सांगलीच्या घरात पिवळी पट्टी नव्हती. त्यांनी त्यांच्या पद्धतीने तोडगा काढला, एवढंच. तरीही पुढचे चार दिवस मी मालिका लावली नाही. त्यांनी लाव म्हटलं नाही. संध्याकाळी मी जिना ते गॅरेज फेऱ्या मारत होते आणि त्या खिडकीशी उभ्या राहून रस्ता बघत होत्या.

मंदारला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आईचं नाव शैलजा आहे."

"लग्नाआधी सुमन होतं."

"काय सांगतेस. मला कसं माहीत नाही?"

"तू कधी विचारलंस?"

"आईला कोण विचारतं यार, तुझं नाव काय म्हणून."

पाचव्या दिवशी, शनिवारी, रात्रभर पडलेला पाऊस जमिनीवर गोठला होता. झाडांच्या काड्या काचेत घातल्यासारख्या दिसत होत्या, आणि रस्ता नुसता ओला वाटावा इतका पारदर्शक बर्फ. मंदार आंघोळीला गेला होता. आईंना टपाल आणायला आवडायचं. पिझ्झाची कुपनं, गटारं साफ करणाऱ्यांची पत्रकं, सगळं त्या आदराने आणून टेबलावर ठेवायच्या. मी मीठ टाकायला गॅरेजचं दार उघडलं तर त्या मंदारचं जुनं जाकीट घालून, कानांवरून मफलर गुंडाळून, रस्त्याच्या मधोमध पोचलेल्या. टपालपेटी आमच्याकडे रस्त्यापलीकडे आहे. आणि गल्लीच्या टोकाकडून बर्फ ढकलणारा ट्रक पिप पिप करत मागे मागे येत होता.

मी हाक मारली, "आई." त्या चालत राहिल्या. "अहो आई, थांबा." घरात मी आई म्हणते, मंदार आई म्हणतो, दिवसभर तीच हाक. ती हाक त्यांच्यासाठी हवेसारखी झाली असणार. ट्रकचा मागचा दिवा पेटलेला होता. मी पळू शकत नव्हते, पाय ठेवला असता तर आडवी झाले असते.

"सुमन," मी ओरडले.

त्या वळल्या. झटकन, एखाद्या शाळेतल्या मुलीसारख्या, आणि त्यांनी दोन पावलं माझ्या दिशेने टाकली. ट्रक त्यांच्यामागून गेला आणि थांबला. ड्रायव्हरने खिडकी खाली करून हात वर केला. मी मूठमूठ मीठ पुढे टाकत त्यांच्यापर्यंत पोचले आणि त्यांचा दंड धरून त्यांना आत आणलं.

घरात आल्यावर त्या म्हणाल्या, "केवढ्याने ओरडलीस." बस्स.

मी चहा ठेवला. आलं किसायला घेतलं. पाणी उकळायला आलं. साखर घातली. डबा परत जागेवर ठेवला. मग खोलीत फार शांत वाटलं, म्हणून मागे बघितलं. आई टेबलाशी बसल्या होत्या, जाकीट तसंच, आणि माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"तीन वेळा मारली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हाक. सुमन, सुमन, सुमन. तिन्ही वेळा नीट मोठ्याने." मफलर सोडवत त्या म्हणाल्या, "त्या पोलिसाने तुला सोडून दिलं असतं."

मी ऐकलं होतं. कानावर आलं होतं सगळं. पण त्या स्वतःशीच बोलतायत असं समजून मी आलं किसत राहिले होते. माझी मान जागची हलली नव्हती. चोवीस वर्षं जे नाव होतं आणि जे आपलं काढून घेतलं म्हणून मी चार दिवस गप्प होते, ते मला लागू पडत नव्हतं. ते त्या बाईला लागू पडत होतं, जी मंदारचं जाकीट घालून माझ्यासमोर बसली होती.

चहा गाळला. दोघींनी प्यायला. मंदार केस पुसत आला आणि विचारलं, "काय झालं?" आई म्हणाल्या, "काही नाही, टपाल राहिलं." तो जाऊन घेऊन आला.

मी फळांची टोपली उचलली. अर्जावर संत्र्याचा गोल डाग पडला होता. मी लॅबमध्ये जे वाक्य रोज बोलते ते मला तेव्हा आठवलं, मुद्दाम नाही, आपोआप. लेबल बदलायचं नसतं, नमुना परत घ्यायचा असतो. मी जुनी सुमन शोधायला निघाले होते. ती नव्हतीच आता, कुठल्याही बाकावर नव्हती. मग हे नाव घ्यायचं तर पहिल्यापासून घ्यायला हवं, नव्या माणसाने घ्यावं तसं.

"लिहितेस का?" आईंनी विचारलं.

"तुम्हाला चालेल?"

"मला सगळे आई म्हणतात, काकू म्हणतात. मी काय करू त्याचं." मग म्हणाल्या, "पेन चालतंय का बघ आधी कशावर तरी."

मी पिझ्झाच्या कुपनावर रेघ ओढून बघितली आणि चौकट भरली.

एप्रिलमध्ये त्या गेल्या. डेट्रॉइटच्या विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसून त्यांनी पर्स दोनदा तपासली आणि म्हणाल्या, "हाक मारताना माझी जीभ अडखळेल. राग मानू नकोस." जूनमध्ये नागरिकत्वाच्या शपथेला न्यायाधीशांनी नावं वाचली, तेव्हा माझं नाव दुसऱ्यांदा घेतल्यावर मी उठले. मंदारने कोपर मारलं. त्यानंतर मी एक पुस्तक घेऊन रांगांमध्ये उभी राहिले. डोनाचं खरं होतं, चाळीस मिनिटं. बॅज बदलला. मंदार अजून अनघाच म्हणतो, त्याला मी माफ केलंय. आई दर रविवारी फोनवर म्हणतात, "अन... सुमन." मधे एक श्वास असतो. तो श्वास त्यांचा आणि पुढचा माझा, कारण मलाही ओ द्यायला तेवढा वेळ लागतो.

म्हणून हा नवा सीझन मी दाबत नव्हते. त्याच्या जाहिरातीत लिहिलंय, तिला आठवतंय.

आज रविवार. आईंच्या पुतण्याने सांगलीत त्यांच्या टीव्हीवर मालिका लावून दिलीय. फोन केला तर त्या म्हणाल्या, "मी थांबलेय. वाचायला कोण आहे मला?" मग इथे सकाळ, तिथे संध्याकाळ, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही एकदम बटण दाबलं. बाहेर कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर फावडं घासत होतं. बाई खाणावळीतल्या खोलीत आली, कोट खुंटीला लावला, पलंगावर बसली. बूट काढता काढता थांबली. एक बूट पायात, एक हातात.

मी वाचलं, "मला माझं नाव आठवलं."

मग आई म्हणाल्या, "चुकलं त्यांचं. हे करायला नको होतं."

"का हो?"

"आता ती घरी जाईल आणि स्वयंपाकाला लागेल."

बाईने काढलेला बूट परत पायात चढवायला घेतला.

"सुमन," आई म्हणाल्या, मधे श्वास न घेता, "बंद कर ते."

मी पहिल्या हाकेला बंद केलं.